ग्लेनचे दोन ट्रक आणि माझा साडू

१२ सप्टेंबर २००५, सोमवार. सकाळी ९

आजपासून रोजनिशी. मोठा प्रोजेक्ट हातात आलाय, आणि मोठ्या प्रोजेक्टला डॉक्युमेंटेशन लागतं.

प्रोजेक्ट: बायकोचं, म्हणजे उल्काचं, डेंटल क्लिनिक हलवणं. आमची बिल्डिंग कॉन्डोवाल्यांनी घेतली. ३१ ऑक्टोबरला किल्ली परत द्यायची. नवी जागा दीड मैलावर, फायर हाउसच्या मागे. १ नोव्हेंबरला, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, सकाळी दहाला तिथे पहिला पेशंट. म्हणजे हलवायला एकच वीकएंड.

मूव्हर शोधायचं काम उल्काने माझ्याकडे दिलं. साहजिक आहे. २००२ साली टेलिकॉममधला जॉब गेल्यापासून क्लिनिकचा डायरेक्टर ऑफ ऑपरेशन्स मीच. (फिश टँक, मासिकं, प्रिंटरचा कागद, आणि एकूण व्हिजन.)

काल वेस्ट विंडसरला शरयूकडे आरतीला गेलो होतो. शरयू ही उल्काची धाकटी बहीण. म्हणजे तिचा नवरा प्रसन्न माझा साडू, आणि मानाने मी मोठा. हे कुणाच्याच लक्षात राहत नाही. प्रसन्नने मोदक खाताखाता पुन्हा तीच गोष्ट सांगितली. कंपनीचं अख्खं डिपार्टमेंट त्याने एका बिल्डिंगमधून दुसऱ्या बिल्डिंगमध्ये हलवलं. एकशेचाळीस माणसं. शुक्रवारी संध्याकाळी सुरुवात, सोमवारी सकाळी प्रत्येकाचा फोन चालू. कुंड्यासुद्धा ज्याच्या त्याच्या टेबलावर. उल्का तोंड उघडं ठेवून ऐकत होती. दिवसभर लोकांना तोंड उघडायला लावणारी ही बाई, माझ्या कुठल्याही गोष्टीला तिने स्वतःचं उघडलेलं मला आठवत नाही. (जांभई सोडून.)

येताना गाडीत म्हणाली, प्रसन्नला विचार ना, त्याचा हातखंडा आहे.

संकल्प: १) प्रसन्नला विचारायचं नाही. २) आठ दिवसांत मूव्हर फायनल. ३) त्याच्या लेक्ससकडे बघायचं नाही.

मी जळत नाही. हे आत्ताच लिहून ठेवतो, म्हणजे पुढे गैरसमज नको.

१४ सप्टेंबर, बुधवार

यलो पेजेस उघडलं. 'मूव्हर्स' खाली आमच्या गल हार्बरमध्ये एकच नाव. ग्लेन टटल अँड सन्स. समर संपला की या गावात दोन हजार माणसं उरतात आणि बाकी सीगल. त्यामुळे आश्चर्य नाही.

गेलो. पासष्टीचा माणूस, दोन ट्रक, हातात सँडविच. सन्स फ्लोरिडात असतात. त्यांच्या जागी रे नावाचा एक माणूस आहे, ग्लेनच्या बायकोच्या बहिणीचा नवरा. म्हणजे साडूच! मी ग्लेनला म्हटलं, आमच्या भाषेत या नात्याला वेगळा शब्द आहे. तो म्हणाला, आमच्याकडेही आहे: 'रे'. तीस वर्षं दोघं सोफ्याची दोन टोकं धरतात आणि भांडण नाही. मला हे अनैसर्गिक वाटलं.

ग्लेनने विचारलं, खुर्च्या किती, जिने किती. मी म्हटलं, एवढ्यात नको, आधी मी आरएफपी (निविदा मागवणारं रीतसर पत्र) पाठवतो. त्याने विचारलं, ते कुठल्या कंपनीचं मॉडेल?

१९ सप्टेंबर, सोमवार

आरएफपी तयार. चौदा पानं. मिशन स्टेटमेंट, रिस्क मॅट्रिक्स, फिश टँकसाठी वेगळं अपेंडिक्स. प्रसन्नच्या मूव्हला अपेंडिक्स नव्हतं, एवढं नक्की.

ग्लेनला नेऊन दिला. त्याने वजन करून पाहिला आणि त्यावर कॉफी ठेवली.

२१ सप्टेंबर, बुधवार

ग्लेनचं उत्तर आलं. पाकिटाच्या मागे एक ओळ: दोन दिवस, दोन ट्रक, २९ आणि ३० ऑक्टोबर, हो म्हणा.

मी म्हटलं, प्रोफेशनल पद्धत अशी की तीन बिड्स घ्यायच्या. तो म्हणाला, गावात मी एकटाच आहे, पण हवं तर उरलेल्या दोन दुसऱ्या पेनने लिहून देतो.

याला सीरियसनेस नाही. कळवतो म्हटलं.

उल्काने विचारलं, ठरलं का? सांगितलं, प्रोसेस चालू आहे. ती म्हणाली, प्रसन्नला एक फोन केला असतास तर. मी जेवणावरून उठणार होतो, पण भरली वांगी होती.

२३ सप्टेंबर, शुक्रवार

इतर पर्याय.

नेवार्ककडची मोठी कंपनी: दीड मैलासाठी दीड तास येत नाही.

बोटी ओढणारा माणूस, मरीनाजवळ: उत्साही. डेंटल चेअरला खालून किती पाणी लागतं, विचारत होता.

सॅल, मासळीचा ट्रक: मोकळा आहे, दांडगा आहे, वर रेफ्रिजरेटेड. एक्स-रे मशीन थंड राहील. ही आयडिया मी उल्काला उत्साहाने सांगितली. ती जे बोलली ते इथे लिहीत नाही. एकच वाक्य होतं.

२७ सप्टेंबर, मंगळवार. दुपारी १

महत्त्वाचं. बोर्डवॉकच्या, म्हणजे समुद्रकाठच्या लाकडी रस्त्याच्या, पार्किंगमध्ये लेक्सस! चंदेरी. त्याचीच. मागच्या काचेवर आन्याच्या स्विम टीमचं स्टिकर. (आन्या म्हणजे त्यांची मुलगी. ती स्टेट लेव्हलला पोहते. माझी निधी समुद्रापासून चार ब्लॉकवर राहते आणि पाय भिजवत नाही.)

आत प्रसन्न. टाय लावलेला. मंगळवारी दुपारी, ऑफिसपासून एवढ्या लांब. टॉफीच्या बंद दुकानाआडून वीस मिनिटं निरीक्षण केलं. मांडीवर डबा, नजर समोर पाण्यावर. काहीतरी आखत होता.

निष्कर्ष सरळ आहे. तो परस्पर मूव्हर गाठायला आलाय. ऐन वेळी पुढे होणार, सगळं करून दाखवणार, आणि उल्का पुन्हा तोंड उघडं ठेवून बघणार. मी ओळख दिली नाही. कुणाला सांगितलंही नाही. माहिती हे बळ असतं.

२९ सप्टेंबर, गुरुवार

आजही होता. तीच जागा, तोच टाय.

थेट ग्लेनकडे गेलो. टाय लावणारा एक भारतीय माणूस इथे येतो का? ग्लेन म्हणाला, येतो की, कॉफी प्यायला थांबतो, भला माणूस आहे. मी विचारलं, काय बोलतो? ट्रक कसा भरता ते विचारतो. मग त्याने भिंतीकडे बोट दाखवलं. भिंतीवर महिन्याचं शेड्यूल, चार रंगांत, पट्टीने आखलेलं. प्रसन्नने करून दिलं म्हणे. रे म्हणाला, पहिल्यांदाच आम्हाला कळतं की उद्या कुठे जायचंय.

माझा आरएफपी दाराखाली होता. दार आपटू नये म्हणून.

मला कसलंही वाईट वाटलं नाही. फक्त गाडी सुरू करायला थोडा वेळ लागला.

४ ऑक्टोबर, मंगळवार

ग्लेनला कठोर मेल लिहिली: माझ्या प्रतिस्पर्ध्याशी संबंध तोडल्याशिवाय पुढची बोलणी नाहीत. त्याच्याकडे ईमेल नाही. प्रिंट काढून नेऊन दिली. त्याने चष्मा लावून दोनदा वाचली. मग म्हणाला, तू हो म्हणाला नाहीस, म्हणून २९ आणि ३० मी लायब्ररीला दिले. त्यांची पुस्तकं तळघरातून वर न्यायची आहेत.

ठीक आहे. एका माणसावर अवलंबून राहणं हीच मुळात रिस्क होती. मॅट्रिक्समध्ये लिहिलं होतं, पान ९.

उल्काला अजून सांगितलं नाही. ती रूट कॅनॉलमध्ये होती. संध्याकाळीही सांगितलं नाही. तेव्हा ती रूट कॅनॉलमध्ये नव्हती.

८ ऑक्टोबर, शनिवार

सापडला! इंटरनेटवर. कॉर्पोरेट रिलोकेशन स्पेशालिस्ट. वेबसाइटवर अकरा ट्रक, पुढे हाताची घडी घातलेली माणसं, सगळ्यांचे शर्ट एकसारखे. ग्लेनचा शर्ट मी दोनदाच नीट पाहिला, दोन्ही वेळा त्यावर मस्टर्ड सांडलेलं होतं.

फोनवरच्या माणसाने एकही प्रश्न विचारला नाही. आत्मविश्वास याला म्हणतात. २९ नको, २८ लाच सकाळी आठला येतो म्हणाला.

उल्काला सांगितलं, झालं फायनल. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. म्हणाली, मला वाटलं नव्हतं. काय वाटलं नव्हतं ते मी विचारलं नाही.

१५ ऑक्टोबर, शनिवार

दसऱ्याचं जेवण शरयूकडे. श्रीखंड वाढून होईपर्यंत थांबलो आणि मग सहज विषय काढला. अकरा ट्रक म्हटलं.

प्रसन्नने तीन प्रश्न विचारले. जागा बघायला कुणी आलं होतं का? इन्शुरन्सचा कागद दिला का? कॉम्प्रेसर कोण उतरवणार? 'देवदत्तराव, तुम्हाला चालेल तर मी एकदा त्यांच्याशी बोलू का?' म्हणाला.

टेबलाखाली पाय दाबून मी शांत राहिलो. म्हटलं, तू तुझ्या ऑफिसकडे बघ.  त्याने वाटीतलं श्रीखंड तसंच ठेवलं.

काय बघायचं ते मी बघितलं. माणूस वाळलाय. डोळ्यांखाली काळं. दुसऱ्याचं चांगलं झालेलं पाहवत नाही की असं होतं. मला त्याची कीव आली. परतताना उल्काला म्हटलं, हेवा फार वाईट. ती म्हणाली, कुणाचा?

२८ ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळी ७.३०. सगळं बॉक्समध्ये. काल टेक्निशियन येऊन खुर्च्या, एक्स-रे, कॉम्प्रेसर सुटे करून गेला. (उल्काने बोलावला होता. माझ्या लिस्टवर होताच.) मासे बादलीत. मी क्लिपबोर्ड घेऊन दारात.

८.४०. ट्रॅफिक असेल.

९.२५. डोना, आमची रिसेप्शनिस्ट, विचारते की त्यांचा नंबर आहे का. आहे म्हटलं.

९.५०. नंबर सेवेत नाही.

१०.१०. वेबसाइट उघडत नाही.

संध्याकाळ. आता सगळं नीट लिहितो.

उल्का बाहेर आली. मी सांगितलं. लायब्ररीचंही सांगितलं, कारण आता एकेक सांगण्यात अर्थ नव्हता. ती ओरडेल असं वाटलं होतं. ती एका बॉक्सवर बसली. अकरा वर्षांचे पेशंट आहेत माझे, म्हणाली. त्यांना मंगळवारी काय सांगू? मग म्हणाली, तू मला फक्त सांगायचं होतंस, देवदत्त. एवढं हळू बोलली की मला ओरडणं बरं वाटलं असतं.

तिने शरयूला फोन लावला. प्रसन्नला विचार म्हणाली. शरयू म्हणाली, सेलफोन उचलत नाहीये, ऑफिसला करते. दहा मिनिटांनी फोन आला तो रडतच. ऑफिसमधल्या मुलीने सांगितलं, ते मार्चपासून इथे नसतात. मार्चपासून! रोज साडेसातला डबा घेऊन निघतो. शरयू ओरडत होती, ताई, तो जातो कुठे?



मी म्हटलं, मला माहितेय.

उल्काने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी विसरणार नाही. कधीपासून? सप्टेंबरपासून. आणि तू बोलला नाहीस? मी म्हटलं, मला वाटलं तो ग्लेनसाठी येतो. हे मोठ्याने म्हटल्यावर किती मूर्खासारखं आहे ते मलाही ऐकू आलं.

बोर्डवॉकवर वारा खूप होता. लेक्सस होती. मी काचेवर टकटक केली. त्याने काच खाली केली.

'देवदत्तराव, तुम्ही इथे?'

'शरयूने ऑफिसला फोन केला होता.'

 त्याने डब्याचं झाकण लावलं, मग पुन्हा उघडलं, मग लावलं. मी पलीकडच्या सीटवर जाऊन बसलो. गाडीत पोळीभाजीचा वास होता.

म्हणाला, 'ते डिपार्टमेंट मीच हलवलं. तो सीटिंग चार्ट मीच काढला. एकशेचाळीस नावं. शेवटी बॉसला म्हटलं, एक डेस्क कमी पडतंय. तो म्हणाला, नाही पडत, प्रसन्न.'

'मग ती गोष्ट सारखी का सांगायचास?'

'तेवढीच तर चांगली झाली होती,' म्हणाला. 'इथेच का येतो माहितेय? वेस्ट विंडसरच्या लायब्ररीत सगळे ओळखीचे. इथे कुणी भेटणार नाही असं वाटलं. तुम्ही दुपारी झोपता ना?'

मला बरं वाटायला हवं होतं. चार वर्षं ज्या माणसाच्या पगाराचा, लॉनचा, मुलीच्या पोहण्याचा विचार करून माझी सकाळ खराब होते, तो आठ महिने घरी खोटं बोलत गाडीत डबा खातोय. बरं वाटलं नाही. थोडंसं वाटलं. रोजनिशीत खोटं कशाला लिहा, थोडंसं वाटलंच. पण ते टिकलं नाही, कारण मला २००२ आठवलं. तेव्हा मीही तीन दिवस घरी सांगितलं नव्हतं. तीनच दिवस. याने आठ महिने काढले. यातही तो पुढेच.

'चल,' म्हटलं. 'शरयू निघालीय. आणि माझ्याकडे तीन खुर्च्या आहेत आणि मूव्हर नाही.'

दोघं ग्लेनकडे गेलो. तिथे प्रसन्न बोलला, मी उभा राहिलो. ग्लेन म्हणाला, पुस्तकं काय, ती तळघरात पन्नास वर्षं आहेत, आणखी आठवडा कुठे जाणार नाहीत. लायब्ररीला त्यानेच फोन केला. दोन मिनिटं लागली.

मी सहा आठवडे मेहनत घेतली होती.

३० ऑक्टोबर, रविवार. दुपारी ४

झालं. सगळं. काल आणि आज. खुर्च्या, फाइल्स, एक्स-रे. मासे जिवंत. कॉम्प्रेसरच्या एका टोकाला ग्लेन, दुसऱ्याला रे, आणि पुढे प्रसन्न उलटं चालत दिशा सांगतोय. टाय नव्हता.

शरयू शुक्रवारी दुपारीच आली. ती आणि प्रसन्न सप्लाय रूममध्ये बराच वेळ होते. बाहेर आले तेव्हा दोघांचे डोळे लाल. उल्काने त्याला बसवून पोहे दिले, वर लिंबू पिळून दिलं. निधीनेसुद्धा त्याला हग दिला. 'वुई लव्ह यू, प्रसन्न काका.'

माझी नोकरी गेली तेव्हा उल्का म्हणाली होती, बरं झालं, निधीला शाळेतून आणायला कुणीतरी हवंच होतं. पोहे नव्हते. हग तर नाहीच. मी कुणाला दोष देत नाही. नोंद करून ठेवतोय.

आज काम संपल्यावर ग्लेन सगळ्यांसमोर प्रसन्नला म्हणाला, वर्षभर लोक मला ऑफिस हलवायला विचारतात, मी नाही म्हणतो, कारण डोकं लागतं. तू ये. ती बाजू तू बघ. प्रसन्न हसला. मला वाटलं नाही म्हणेल. एवढा शिकलेला माणूस, ट्रक कंपनीत? तो म्हणाला, कधीपासून?

ग्लेनला शोधला कुणी? मी. यलो पेजेस कुणी उघडलं? मी.

ट्रकजवळ एकटा गाठून ग्लेनला विचारलं, आणखी एखादी पोझिशन आहे का, सीनियर लेव्हलला. त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. उचलता येतं का, विचारलं.

संकल्प: उद्या दाखवून देणार.

३१ ऑक्टोबर, सोमवार

जुन्या जागेत एकच बॉक्स उरला होता. पेशंटच्या दातांचे प्लास्टरचे साचे. ग्लेन त्याच्याकडची किल्ली परत द्यायला आला होता, बघत होता. उल्का म्हणाली, तो राहू दे, प्रसन्न नेईल. हे वाक्य तिने बोलायला नको होतं.

उचलला. ट्रकपर्यंत नेला. नव्या जागेत उतरवला. दारातून आत नेला. खाली ठेवला.

वर आलो नाही.

१ नोव्हेंबर, मंगळवार. लक्ष्मीपूजन

सकाळी ८.१५. काल दुपारपासून मी नव्या क्लिनिकच्या दोन नंबरच्या डेंटल चेअरवर आहे. पाठ हलत नाही. डॉक्टर पाहून गेला. स्नायू आहे, म्हणाला, गोळ्या दिल्या आणि सरळ पडून राहायला सांगितलं. सरळ पडता येईल असं इथे हे एकच आहे. उल्का रात्री बाजूला स्टुलावर बसून होती, अधूनमधून खुर्ची वरखाली करून देत होती.  एकदा मी म्हटलं, सॉरी. ती म्हणाली, झोप.

८.५०. डोनाने दारात पणत्या लावल्या. उल्काने शिकवलं असेल. काउंटरवर छोटी लक्ष्मी, पुढे चकल्या. शरयूने फुलं आणली. सगळं छान दिसत असणार. मला छत दिसतं.

९.३०. उल्का आली. दहाचा पेशंट याच खुर्चीवर आहे, म्हणाली. एक आणि तीन नंबरच्या खुर्च्यांचं पाणी अजून जोडलेलं नाही. मी म्हटलं, मला उठता येत नाही. ती म्हणाली, माहितेय, मूव्हर्सना फोन केलाय.

९.४५. ग्लेन, रे, प्रसन्न. प्रसन्नच्या शर्टवर ग्लेनच्या कंपनीचं नाव. पहिला दिवस, पहिलं काम. म्हणजे मी. सोबत फ्रिज हलवायची चाकांची गाडी आणि दोन जाड ब्लँकेट्स. प्रसन्नने आधी दारांची मापं घेतली. मग माझ्या मानेखाली हात घातला आणि कानाजवळ हळूच म्हणाला, 'देवदत्तराव, श्वास सोडा. तीनवर उचलतो.' हात गरम होता. मी त्याचा शर्ट धरला. सोडायला हवा होता, सोडला नाही.

अजिबात दुखलं नाही. त्याला खरंच येतं हे काम. लिहिताना बोट थांबलं, पण लिहिलं.

९.५५. गाडीवर आडवा. कॉरिडॉरमध्ये. पट्टा बांधलाय, डावा हात लिहिण्यापुरता मोकळा. बाहेर पेशंट आल्याचा आवाज. रेने माझे जोडे हातात धरलेत.

ग्लेनने उल्काला विचारलं, मॅडम, याला कुठे ठेवायचं?

उल्का विचार करतेय.

९.५८. अजून करतेय.